वाल्डेमार हाफकिन : एक न चाललेला खटला

परळमध्ये ‘हाफकिन’ हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. साप चावला की लस हाफकिनची, पोलिओचे डोस हाफकिनचे, काही वर्षांपूर्वीपर्यंत सरकारी दवाखान्यात औषधांचा तुटवडा पडला की बातमीत नाव यायचे तेही हाफकिनचे. पण हाफकिन नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता, तो कोण होता, कुठून आला, त्याने या शहरासाठी काय केले आणि ज्या सरकारसाठी केले त्या सरकारने त्याचे काय केले, हे विचारले तर बहुतेकांची मान नकारार्थी हलते. आमच्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत जेन्नर आहे, पाश्चर आहे. मुंबईत लस तयार करून ती स्वतःच्या अंगात टोचून घेणारा माणूस मात्र मुंबईच्याच मुलांना भेटत नाही. म्हणून हा लेख. आम्ही व्यवसायाने वकील आहोत. डॉक्टरकीतले आम्हाला तेवढेच कळते, जेवढे कागदपत्र वाचून कळते. पण हाफकिन यांच्या आयुष्यातला सर्वात कठीण प्रसंग हा मुळात डॉक्टरकीचा नव्हताच. तो पुराव्याचा आणि न्यायाचा होता.

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओदेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. झारच्या रशियात ज्यू असणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्यासाठी फार शब्द खर्च करावे लागणार नाहीत. कुठे राहायचे, काय शिकायचे, कोणती नोकरी करायची, हे सारे जन्मावरून ठरलेले. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्याचे खापर ज्यूंवर फोडून दक्षिण रशियातल्या ज्यू वस्त्यांवर झुंडी तुटून पडल्या. या हल्ल्यांना तिकडे ‘पोग्रोम’ म्हणतात. किळवेणमणी, बेलछी आणि खैरलांजी ज्यांनी पाहिले-वाचले आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही.

विद्यापीठात शिकणारा हा तरुण त्या वेळी घरात दडून बसला नाही. वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गटात तो सामील झाला, जखमी झाला आणि पकडला गेला. हल्लेखोर मोकळे आणि वस्ती राखणारा कोठडीत, ही रीत काही आमच्याच देशाची नाही. त्याचे गुरू, पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह, यांनी खटपट केली म्हणून तो सुटला. झारविरोधी क्रांतिकारकांशीही त्याचे संबंध आले होते, मात्र त्यांचा मार्ग खून-बॉम्बकडे वळला तेव्हा तो दूर झाला.

शिक्षण उत्तम झाले, संशोधन झाले, तरी प्राध्यापकाची जागा मिळेना. अट एकच होती. ज्यू धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्हायचे. हाफकिन यांनी नकार दिला आणि ओदेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे मेलेल्या प्राण्यांच्या वस्तुसंग्रहालयात, १८८२ ते १८८८ अशी वर्षे काढली. येथे थोडे थांबले पाहिजे. धर्मांतराचा विषय निघाला की आमच्यावर नेहमी आरोप होतो की तुम्ही सवलतींसाठी धर्म बदलला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हाफकिन यांना धर्म बदलला असता तर नोकरी मिळणार होती, म्हणून त्यांनी तो बदलला नाही. आमच्या लोकांनी १९५६ साली विचारपूर्वक धम्म स्वीकारला तेव्हा अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या आणि त्या परत मिळायला १९९० साल उजाडावे लागले. आमिष नाकारणे आणि नुकसान पत्करून निवड करणे, ही दोन्ही एकाच कण्याची माणसे करतात.

१८८८ साली हाफकिन यांनी देश सोडला. काही काळ जिनिव्हात काढून १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचले. तिथे मेच्निकोव्ह आधीच आलेले होते. जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे. ज्याला दाराबाहेर ठेवले जाते तो मिळेल त्या फटीतून आत शिरतो आणि मग आत असलेल्यांपेक्षा जास्त काम करतो, हे आम्ही आमच्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांच्या घराघरांतून पाहिले आहे.

त्या काळी युरोपात आणि आशियात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, माणसे पटापट मरत होती. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू गिनीपिगच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन जास्त जहाल केले आणि दुसरीकडे त्यांचे सौम्य रूपही तयार केले. आधी सौम्य लस टोचायची, काही दिवसांनी जहाल. जनावरांवर हे यशस्वी झाले. पण माणसावर? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. ताप आला, दुखले, उतरले. नंतर त्यांच्या तीन रशियन मित्रांनी टोचून घेतली. रशियाला ही लस नको होती. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन १८९३ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला उतरले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हाफकिन हे डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, ज्यू होते, रशियन होते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय खात्यातले साहेब लष्करी हुद्द्याचे, ठराविक महाविद्यालयांतून आलेले. या खात्याच्या दृष्टीने हा माणूस तिन्ही बाजूंनी परका होता. साहेबांतही उतरंड असते, हे आम्ही विसरता कामा नये.

दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थान, बंगाल, आसामच्या चहाचे मळे असा प्रवास करून सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. त्यातली कलकत्त्याच्या कट्टल बागान या बस्तीची हकीकत महत्त्वाची आहे. १८९४ च्या मार्चमध्ये सुमारे दोनशे वस्तीच्या या झोपडपट्टीत कॉलऱ्याने माणसे दगावली. शहराचे आरोग्य अधिकारी सिम्प्सन यांनी हाफकिन यांना बोलावले. चार भारतीय डॉक्टर सोबत होते. ११६ जणांनी टोचून घेतले, बाकीच्यांनी घेतले नाही. त्यानंतर त्या वस्तीत दहा जण आजारी पडले आणि त्यांपैकी सात मेले. दहाही जण न टोचलेल्यांतले होते. एकाच तलावाचे पाणी पिणारी, एकाच गल्लीत राहणारी माणसे. औषध लागू पडते की नाही हे ठरवण्याचा मार्ग म्हणजे हाच. ज्यांना दिले आणि ज्यांना दिले नाही, त्यांची एकाच ठिकाणी, एकाच काळात तुलना करायची. गुण आला म्हणून सांगणारा एक माणूस उभा करणे हा पुरावा नव्हे. दोन्ही बाजूंची मोजणी हा पुरावा. आजही टीव्हीवर काढे, भस्मे आणि गोमूत्र विकणारे पहिला प्रकार करतात, दुसरा कधीच करत नाहीत.

मलेरियाने पोखरलेले हाफकिन उपचारासाठी युरोपला जाऊन १८९६ साली परत आले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मुंबईत, मांडवी भागात, प्लेग उघडकीस आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो पहिल्यांदा ओळखला. पुढचे सारे आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आलेले आहे. काखेत-जांघेत गाठ, तापाची भणभण आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. लाखो लोक शहर सोडून पळाले. सरकारने घरात घुसून रोगी काढायला, माणसे वेगळी ठेवायला, कपडेलत्ते जाळायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हा त्यांचा अनुभव होता. त्या अनुभवाला नुसते अडाणीपण म्हणून मोकळे होणारे लेखक आम्हाला पटत नाहीत.

याच काळात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग अधिनियम हा कायदा झाला. अवघी चार कलमे. त्यातले चौथे कलम असे की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणाही व्यक्तीवर दावा किंवा कारवाई करता येणार नाही. हाच कायदा २०२० साली कोरोनाच्या वेळी बाहेर काढण्यात आला. अधिकाऱ्याच्या सद्भावनेला कायद्याचे कवच आहे. हाफकिन यांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीत त्या कवचाची सावलीही दिसत नाही, हे पुढे येईलच.

सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर जगातली प्लेगची पहिली परिणामकारक लस तयार व्हायची होती. कामाच्या ताणाने एक मदतनीस कोलमडला, दोघे सोडून गेले. हाफकिन दिवसाचे बारा-बारा, चौदा-चौदा तास बसून राहिले. प्लेगचा जंतू येर्सिन आणि कितासातो यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधलेला होता, पण तो मोठ्या प्रमाणात वाढवायचा कसा, हा प्रश्न होता. हाफकिन यांनी मांसाच्या रसात तो वाढवला. इथल्या लोकांना गाय आणि डुक्कर दोन्ही चालायचे नाहीत म्हणून बकऱ्याचे मांस वापरले. त्या रसावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत सोडले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुनखडीचे खांब लोंबावेत तसे. भांडे हलवले की ते तुटून तळाशी बसतात आणि वर नवे वाढू लागतात. काही आठवडे असे चालू द्यायचे, मग सुमारे एक तास तापवून सारे जंतू मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालून बाटल्या भरायच्या. लस म्हणजे मेलेले जंतू. शरीर त्या मेलेल्या शत्रूला पाहून जिवंत शत्रूशी लढायला शिकते. आमच्या चुलीवरच्या तुपाचा इतका सदुपयोग कोणत्याही यज्ञात झाला नसेल.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना देण्यात येणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप भरला. तरी ते काम करत राहिले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचण्यात आली, त्याहून थोडे जास्त कैदी टोचल्याविना राहिले. ज्यांना टोचण्याच्या दिवशीच रोग उघड झाला ते वगळता, पुढच्या आठवड्यात न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कोणीही नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत हे कैदी स्वयंसेवक होते असे लिहिलेले असते. वकील म्हणून हा शब्द आम्हाला तसाच गिळता येत नाही. तुरुंगाच्या भिंतीआड, साहेब समोर उभा असताना आणि शेजारचा कैदी प्लेगने तडफडत असताना दिलेली संमती ही कितपत मुक्त संमती? कैद्याला नाही म्हणता येते का? काहींनी नाही म्हटले, म्हणूनच तर न टोचलेले उरले, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. शिवाय टोचणाऱ्याने आधी स्वतःला टोचून घेतले होते, हा मोठा फरक आहे. पण प्रश्न मिटत नाही. वैद्यकीय प्रयोगांसाठी संमतीचा जागतिक दंडक १९४७ च्या न्यूरेम्बर्ग निकालानंतर आला, तोही नाझी छळछावण्यांत ज्यूंवर आणि इतरांवर झालेल्या अमानुष प्रयोगांनंतर. आणि दंडक आला म्हणून वृत्ती बदलली असेही नाही. आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. तो २०१० साली थांबवावा लागला. संसदीय समितीने २०१३ साली ताशेरे ओढले ते यासाठी की अनेक संमतिपत्रांवर पालकांच्या नव्हे, तर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. त्या मुलींत आदिवासी होत्या, गरीब होत्या. लस चांगली की वाईट हा एक प्रश्न आणि ती कोणाच्या अंगावर, कोणाला विचारून आजमावली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अनुकूल आले म्हणून दुसरा प्रश्न निकाली निघत नाही.

हाफकिन यांनी स्वतः सक्तीचा मार्ग धरला नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. टोचणी ऐच्छिक होती. तरुण आगाखान यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले, प्रयोगशाळेला आपला बंगला दिला आणि हजारो खोजा पुढे आले. टोचल्यावर दोन दिवस ताप येई, हात सुजे. हातावर पोट असणाऱ्याला दोन दिवस बसणे म्हणजे काय, याचा हिशेब सरकारी अहवालात बसत नाही. १८९८ साली बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावी तर त्यांनी एकेका घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचून निम्म्यांना तसेच ठेवले, म्हणजे घर तेच, अन्न तेच, फरक फक्त लसीचा. टोचलेल्या ५१३ जणांत ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेल्या ४३७ जणांत २७ आजारी पडले आणि २६ मेले. हे आकडे वाचताना एकीकडे विज्ञानाचा विजय दिसतो आणि दुसरीकडे त्या २६ जणांकडे पाहून पोटात कालवते. एवढे मात्र खरे की लस पूर्ण संरक्षण देत नव्हती आणि तिचा गुण काही महिनेच टिके. हाफकिन यांनीही तसा दावा केला नाही.

याच महिन्यांत पुण्यात काय चालले होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. क्रांतिज्योती सावित्रीमाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घालून तिथे आणले, त्या सेवेत त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिन यांनी स्वतःला सुई टोचून घेतली त्याला तेव्हा अवघे दोन महिने झाले होते. पुणे-मुंबईत शंभर-सव्वाशे मैलांचे अंतर, पण लस अजून पुण्याच्या माळापर्यंत पोचलेली नव्हती. त्या वर्षीच्या प्लेगचा इतिहास म्हणून पाठ्यपुस्तकात रँडचा खून येतो. माळावरचा दवाखाना आणि भायखळ्याची खोली येत नाही.

आणखी एक धागा. प्लेगने शहराची दाट वस्ती उघडी पाडली म्हणून १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने चाळी बांधल्या. त्यांपैकीच पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी राजगृहात जाईपर्यंतची वर्षे काढली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली, त्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या वाड्यात गव्हर्नर राहत होते, ज्यात एका गव्हर्नरची पत्नी १८८२ साली कॉलऱ्याने वारली आणि मग साहेबांचे मन तिथून उडाले, तो वाडा कॉलऱ्याची लस शोधणाऱ्याच्या हाती आला.

आता त्या खटल्याकडे वळू, जो कधी चाललाच नाही.

१९०२ साली पंजाबात प्लेग पेटला होता. पंजाब सरकारने प्रचंड मोहीम आखली आणि परळकडे लाखो मात्रांची मागणी केली, तीही तातडीने. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. जंतुनाशक म्हणून कार्बोलिक ॲसिड न घालता केवळ उष्णतेवर भर दिला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत दोन वर्षे सुखरूप वापरात होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मल्कोवाल गावी १०७ लोकांना टोचण्यात आले. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले, त्या एकोणीसच्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि सारे मेले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशी आयोग नेमण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स अध्यक्ष आणि सोबत दोन लष्करी डॉक्टर. आयोगाने ठरवले की बाटली मल्कोवालला उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली होती, आणि कार्बोलिक वगळल्याबद्दल हाफकिन यांना दोष दिला. त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करून रजेवर पाठवण्यात आले. १९०४ साली ते लंडनला गेले. चौकशीचे कागद जगासमोर यायला १९०६-०७ उजाडले. ज्या कागदांच्या आधारे माणसाला दोषी धरायचे तेच कागद दडवून ठेवायचे, याला आमच्या धंद्यात नैसर्गिक न्यायाचा भंग म्हणतात.

ते कागद बाहेर आल्यावर काय दिसले? बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरायचा चिमटा मल्कोवालला कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू राहतात तेच मुळी मातीत, शेणात. चिमटा कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून पुन्हा वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर बाटली उघडताच घाण वास यायला हवा होता, आणि टोचणाऱ्या डॉक्टरांना कोणताही वास आलेला नव्हता. आणि ज्या कार्बोलिकच्या अभावाचा एवढा बाऊ केला, ते तेवढ्या प्रमाणात घातले असते तरी धनुर्वाताचे बीजाणू मेलेच नसते, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे जी कसूर ठरवली ती मृत्यूचे कारणच होऊ शकत नव्हती. कसूर आणि परिणाम यांच्यात कार्यकारणभाव सिद्ध झाल्याशिवाय दोष लागत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. एक मुख्य न्यायमूर्ती अध्यक्ष असताना ते सुटले.

मलेरियाच्या शोधासाठी १९०२ चे नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्रांवर पत्रे लिहिली. २९ जुलै १९०७ रोजी दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. लोक याला छोटे ड्रेफस प्रकरण म्हणू लागले, कारण फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपावरून अडकवल्याचे आणि १९०६ साली निर्दोष ठरवल्याचे ताजे होते. १९०७ च्या अखेरीस सरकारला हाफकिन यांना दोषमुक्त करून नोकरीत परत घ्यावे लागले.

हाफकिन ज्यू होते म्हणूनच त्यांना अडकवले, असे कागदावरून सिद्ध करता येणार नाही आणि सिद्ध न होणारे आम्ही लिहिणार नाही. पण खात्यातला कोणी कर्नल त्या जागी असता तर निकाल इतक्या झटपट लागला असता काय, हे विचारायला पुरावा लागत नाही. आम्हाला याहूनही दुसरी गोष्ट टोचते. प्रथम दोष परक्या शास्त्रज्ञावर आला. तो तिथे टिकेना तेव्हा घसरत घसरत सर्वात खालच्या पायरीवर, म्हणजे चिमटा हातातून सुटलेल्या कंपाउंडरवर येऊन थांबला. गावोगाव धूळमातीत उभे राहून रोज शेकडो माणसे टोचायची, उकळते पाणी किती, हत्यारे किती, माणसे किती, याचा विचार न करता आकडा गाठायचा, असा हुकूम देणारे लाहोरचे सचिवालय कधी आरोपीच्या पिंजऱ्यात आलेच नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत बाया मेल्या तेव्हाही आम्ही हेच पाहिले. २०१४ साली बिलासपूरजवळ एका डॉक्टरने एका दिवसात, काही तासांत, ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि तेरा जणींचे जीव गेले. अटक डॉक्टरला झाली. उद्दिष्टाचा तक्ता भिंतीवर तसाच राहिला.

दोषमुक्तीनंतरही परळ हाफकिन यांना परत मिळाले नाही. त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले. तिथे लस तयार करण्याची सोय नव्हती आणि माणसांवर नव्या लसीची चाचणी करण्याची परवानगी नव्हती. ज्याचे सारे आयुष्य या एका कामात गेले त्याला खुर्ची दिली, काम काढून घेतले. आमच्या खात्याखात्यांतल्या कर्मचाऱ्यांना या शिक्षेचा प्रकार नीट परिचित आहे, तिला आदेशाचा कागद लागत नाही. सेवेची मुदत संपताच, १९१५ च्या सुमारास, त्यांनी हा देश कायमचा सोडला.

ते गेले तरी लस चालू राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या. दरम्यान प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हेही सिद्ध झाले आणि त्या शोधात परळच्या प्रयोगशाळेचा वाटा होता. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या देशात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. लस होती, पण घर, हवा, पाणी आणि पोटभर अन्न नव्हते. पुढे प्रतिजैविके आली आणि प्लेगची लस मागे पडली.

युरोपात गेल्यावर हाफकिन हळूहळू कर्मठ ज्यू धर्माचरणाकडे वळले. १९१६ साली त्यांनी परंपरेच्या समर्थनार्थ लेखही लिहिला. बुद्धाच्या मार्गाने चालणाऱ्या आम्हाला त्यांचा हा प्रवास पटण्यासारखा नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक गोष्ट तपासून घेणारा माणूस ग्रंथापुढे तपासणी थांबवतो, हे कोडेच आहे. मात्र ज्या धर्मामुळे त्यांना आयुष्यभर दाराबाहेर उभे केले, त्यालाच त्यांनी अखेरीस घट्ट धरले, यात हट्ट किती, श्रद्धा किती आणि अपमान किती, हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. ते तेव्हा हयात होते. कळवल्यावर त्यांनी आभार मानले आणि मुंबईच्या कामात आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम वर्षे गेल्याचे लिहिले. ते पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोझानला राहायला गेले. लग्न केले नव्हते, मूलबाळ नव्हते. साठवलेली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातल्या गरीब ज्यू मुलांच्या पाठशाळांसाठी ठेवली, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानलाच त्यांचे निधन झाले.